'सीनियर ब्रदर'ला मराठीत काय म्हणाल? गुरुबंधू, पट्टशिष्य की नुसतं दादा?

पाणवठा
मुलीला रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास 'टेल ऑफ वुशिया' खेळून दाखवतो. चिनी व्हिडिओ गेम, २०१५चा, युद्धकला शिकणाऱ्या शिष्यांचा. २००१ सालच्या एका खेळाचं नवं रूप. आम्ही इंग्रजीतून खेळतो आणि पडद्यावर मजकूर आला की मी तो तिला मराठीत सांगतो. एका दरीत म्हातारे गुरू राहतात, त्यांचे तीन शिष्य. थोरला गू युएश्वान शांत, मधला जिंग जी तापट, आणि तिसरा म्हणजे आपण खेळतो तो. एकमेकांना हाक 'सीनियर ब्रदर', 'ज्युनियर ब्रदर'. मी पहिल्या रात्री 'दादा' म्हणून टाकलं. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, भाऊ आहेत तर आडनावं वेगळी का?" मग 'गुरुबंधू' केलं. तेव्हा शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी अडवलं. त्यांच्या मते गुरुबंधू म्हणजे एकाच गुरूचा अनुग्रह घेतलेला; मारामारी शिकणाऱ्याला तो शब्द शोभत नाही. शिवाय त्यात थोरला-धाकटा कळत नाही, आणि गोष्टीतलं निम्मं नाट्य तर त्यावरच उभं आहे. कोणता शब्द वापरू?

जुनी पाटी
सासऱ्यांचा आक्षेप टिकत नाही. गाणाऱ्यांमध्ये गुरुबंधू, गुरुभगिनी सर्रास म्हणतात, तिथे अनुग्रह नसतो, गंडाबंधन असतं, म्हणजे गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो. पण तुम्हाला नेमका शब्द हवा असेल तर संस्कृतात 'सतीर्थ्य' तयार आहे. एकाच तीर्थाशी, म्हणजे गुरूशी, राहून शिकलेला. ज्येष्ठ सतीर्थ्य, कनिष्ठ सतीर्थ्य. स्वच्छ काम.

तांबडा-पांढरा
सतीर्थ्य म्हटल्यावर ती पोरगी झोपून जाईल हो. कुस्तीची भाषा मराठीत जिवंत असताना पोथी कशाला उघडायची? गुरू म्हणजे वस्ताद, दरी म्हणजे तालीम, शिष्य म्हणजे पट्ठा. थोरला पट्ठा, धाकटा पट्ठा. आमच्याकडं कोल्हापुरात "हा कुणाचा पट्ठा?" एवढं विचारलं की माणसाची सगळी कुंडली कळते.

जुनी पाटी
तालीम अरबी, वस्ताद फारसी 'उस्ताद'वरून आलेला. चिनी गोष्ट इंग्रजीतून घ्यायची आणि तिला फारसी अंगरखा चढवायचा? मल्लशाळा आणि आचार्य म्हणायला काय हरकत आहे? फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवकाळात उगाच झाला नाही.

तांबडा-पांढरा
गंगावेश तालमीच्या दारात उभं राहून मल्लशाळा कुठं आहे असं विचारा, लोक तुम्हाला दुसऱ्या गल्लीत पाठवतील. 'तालीम' हा शब्द तीन-चार पिढ्यांच्या घामानं आमचा झालाय. संस्कृतच हवं तर 'आखाडा' अस्सल, 'अक्षवाट'पासून आलेला. तो घ्या की. आणि पट्ठा हा 'पट्टशिष्य'चाच आखूड झालेला शब्द, असं आमचे एक मास्तर सांगायचे.

सुपारीफूल
पट्ठाची ती व्युत्पत्ती मला पटत नाही. हिंदीत पट्ठा म्हणजे स्नायूही आणि भर तारुण्यातला प्राणीही. तिथून तरणाबांड पैलवान, ही वाट सरळ आहे. पट्टशिष्याचा संबंध ऐकायला गोड, पण आपण नंतर जोडलेला वाटतो.

दोन पाण्यांमध्ये
सिंगापुरातून लिहितेय, चिनी मुलांबरोबर काम करते म्हणून थोडं सांगते. मूळ शब्द शि-श्युंग आणि शि-ती. 'शि' म्हणजे गुरू, पुढचे शब्द थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. म्हणजे गुरुबंधू अगदी शब्दाला शब्द बसतो. मुलींना शि-च्ये आणि शि-मेइ. गुरूला म्हणतात 'शिफू', त्या लिहिण्यात बापाचं अक्षर आहे. गुरूची बायको गुरुमाता, गुरूचा गुरू आजोबा, गुरूचा थोरला गुरुबंधू म्हणजे मोठा काका. अख्खं एकत्र कुटुंबच. आणि मोठेपणा वयानं ठरत नाही, दारात आधी कोण आलं त्यावर ठरतो. आमच्या प्रयोगशाळेत माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलीला सगळे शि-च्ये म्हणायचे, कारण मार्गदर्शक एकच आणि ती आधी लागलेली. हे लोक अजून रोज बोलतात, जुन्या गोष्टींपुरतं उरलेलं नाही. म्हणून 'पट्टशिष्य' चुकेल असं वाटतं. पट्टशिष्य म्हणजे गुरूचा आवडता, मुख्य. थोरला शि-श्युंग आवडता असतोच असं नाही.

सुपारीफूल
मग मराठीत हे आहेच! जावा-जावांचं बघा. माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत, तरी पंचवीस वर्षं मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला नावानं हाक मारतात. थोरली आणि धाकटी हे शब्द नात्यात जागा सांगतात, वय नाही. 'थोरले गुरुबंधू' म्हणा, लेकीला जावांचं उदाहरण द्या, एका मिनिटात कळेल.

वारीचा वाटसरू
याहून जवळचं उदाहरण आळंदीला आहे. निवृत्तीनाथ ज्ञानदेवांचे सख्खे थोरले भाऊ आणि गुरूही. गहिनीनाथ आजेगुरू. आणि चौदाशे वर्षं जगलेले म्हणतात ते चांगदेव शिष्य कुणाचे, तर कोवळ्या मुक्ताबाईंचे. वय आणि अधिकार वेगळे असतात हे ज्याला मुक्ताई ठाऊक आहे त्याला समजवावं लागत नाही.

पाणवठा
जावांचं उदाहरण काल चाललं, मुक्ताईचं त्याहून जास्त. आता दुसरी अडचण. या खेळांत 'जियांगहू' सारखा येतो. काही अनुवादक तो तसाच ठेवतात, काही 'मार्शल वर्ल्ड' लिहितात. मी 'लढवय्यांचं जग' म्हणतो आणि तोंडात माती गेल्यासारखं होतं.

दोन पाण्यांमध्ये
शब्दशः 'नद्या आणि सरोवरं'. ज्वांगत्स या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात आटलेल्या तळ्यातले मासे एकमेकांना थुंकीनं ओलं ठेवतात. त्यापेक्षा नद्या-सरोवरांत एकमेकांना विसरून गेलेलं बरं, असं तो म्हणतो. तो हाच शब्द. दरबाराबाहेरचं, भटक्यांचं, आपले कायदे आपण पाळणाऱ्यांचं जग. 'जग' शब्दात ते पाणी राहत नाही.

तांबडा-पांढरा
तोंडात माती गेली म्हणालात, तिथंच शब्द आहे. 'लाल माती'. "लाल मातीतला माणूस" म्हटलं की कुस्ती, वस्ताद, खुराक, इमान, वैर, सगळं आलं, कुस्ती हा शब्द न उच्चारता. त्यांनी पाण्यावरून नाव घेतलं, आपण मातीवरून. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, तिथली माती पैलवान कपाळाला लावतो. आणि 'कुंगफू'चा मूळ अर्थ वेळ देऊन मिळवलेलं कसब असा आहे ना? त्याला आपण 'कमावणं' म्हणतो. शरीर कमावलं, आवाज कमावला.

जुनी पाटी
कमावणं फार सुंदर. मान्य. लाल माती मात्र कुस्तीपुरती आहे. तलवारबाज, वैद्य, विषप्रयोग करणाऱ्या बाया, भिक्षू, हे सगळे जियांगहूत येतात. ते लाल मातीत बसत नाहीत.

तांबडा-पांढरा
मर्दानी खेळ काय हवेत होतात? दांडपट्टा, लाठी, फरीगदगा त्याच गल्लीत शिकवतात. हाड बसवायलाही लोक तालमीतच येतात. वैद्य झाला की नाही?

पाणवठा
लाल माती मुलीला आवडली, सध्या तीच चालू आहे. पण आज रात्री गुरूंचे धाकटे गुरुबंधू येतील असं दिसतंय. त्यांना काय म्हणू? गुरुकाका?

जुनी पाटी
काका नको, तो शब्द आपला की फारसीतला यावर वाद आहे. चुलतगुरू करा.

सुपारीफूल
चुलतगुरू म्हणजे चुलत भावाचा गुरू वाटेल.

तांबडा-पांढरा
आमच्या वस्तादांचा एक जुना जोडीदार होता. रोज पहाटे यायचा, कट्ट्यावर बसून आमचे डाव बघायचा. शिकवायचा नाही, पण वस्ताद नसले की त्याच्या नजरेला सगळी पोरं घाबरायची. त्याला आम्ही नुसतं 'आण्णा' म्हणायचो. त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही.