आईसाठी मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी सुचवा, बजेट ४,०००

कर्वेनगरकर
आईला काचबिंदू आहे, छापील अक्षर आता दिसत नाही. घरी जुनी मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. काही अंक पीडीएफमध्येही आहेत, पण त्यांतला मजकूर कॉपी केला की भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. हाताशी अँड्रॉइड १० चा फोन आणि विंडोज १० चा जुना डेस्कटॉप. नेट भरवशाचं नाही. बजेट ४,०००, त्यापुढे शक्य नाही. काय घ्यावं?

रास्ता_पेठी
आयफोन घ्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. एकदाच खर्च, मग कटकट नाही.

टाकळकर
@रास्ता_पेठी, चार हजारांत आयफोनचं कव्हर आणि चार्जर येईल फार तर.

कर्वेनगरकर, घेण्याआधी घरात आहे ते वापरा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथं टेक्स्ट-टू-स्पीच, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारी सोय. गुगल इंजिनाशेजारच्या दातेरी चाकावर टिचकी मारून व्हॉइस डेटामधून मराठी उतरवून घ्या. ते वायफाय असताना एकदाच करायचं, पुढे नेट गेलं तरी आवाज चालतो. वाचायला '@व्हॉइस अलाउड रीडर' टाका. टीएक्सटी (साधा मजकूर) आणि ईपब (ई-पुस्तक) दोन्ही उघडतं आणि थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू करतं.

टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलणारी फोनमधली सोय, मात्र लगेच चालू करू नका. एका टिचकीने नुसतं निवडलं जातं, उघडायला दोनदा मारावी लागते, आणि घरातल्या बाकीच्यांना वाटतं फोन बिघडला. आईंना थोडं दिसत असेल तर निवडलं तेवढंच वाचणारं 'सिलेक्ट टू स्पीक' पुरेल.

मुळाकाठ
एनव्हीडीए हा पडदा वाचणारा प्रोग्रॅम विसरलात सगळे? विंडोजवर चालतं, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. सोबत ई-स्पीक एनजी हे आवाजाचं इंजिन येतं, त्यात मराठी आहे. नेट लागत नाही, जुन्या डेस्कटॉपलाही जड जात नाही.

सुरेल_शनिवार
ई-स्पीक? तो डब्यातला आवाज आईच्या कानावर घालणार? एज ब्राउझरमध्ये पान उघडा, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा आणि 'आरोही' किंवा 'मनोहर' निवडा. माणूस बोलल्यासारखं वाटतं.

मुळाकाठ
ते आवाज नेटवरून येतात. पहिली पोस्ट वाचा. आणि डब्यातला आवाज वेग वाढवला तरी फाटत नाही. रोज ऐकणारे अनेक अंध वाचक मुद्दाम तोच ठेवतात.

ळ_चा_कैवारी
कुठलंही घ्या, पण हिंदी आवाजावर मराठी मजकूर चालवू नका. 'बाळ' चं 'बाल' होतं, आणि 'चमचा', 'जग' मधले च-ज हिंदी पद्धतीने निघतात. लिपीत दोन्ही च सारखेच लिहितो आपण, त्यामुळे इंजिनाला शब्दागणिक माहीत असावं लागतं. दुसरी खोड म्हणजे 'केलं', 'झालं' यांतला शेवटचा अनुस्वार. काही इंजिनं तिथं चक्क 'म्' लावतात. सालं लिहिलेली असतील तर तीही तपासा. '१९७२' ला 'एकोणीसशे बहात्तर' म्हणायच्या ऐवजी 'एक हजार नऊशे बहात्तर' ऐकू येऊ शकतं. एनव्हीडीएच्या प्राधान्यांमध्ये उच्चार-शब्दकोश आहे, तिथं 'इ.स.' च्या जागी 'इसवी सन' असे बदल एकदाच भरून ठेवायचे.

पुस्तकी_किडा_४११०३८
आवाजावर भांडताय, पण आवाजाला वाचायला मजकूर कुठाय? खरं काम तिथं आहे.

पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबा, फॉन्टच्या यादीत युनिकोड या आजच्या सामाईक अक्षरपद्धतीच्या आधीच्या मराठी फॉन्टचं नाव दिसेल. त्या फॉन्टमध्ये 'क' च्या जागी मुळात एखादं इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, म्हणून दिसतं मराठी आणि कॉपी होतं भलतंच. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर मिळाला तर ठीक, नाहीतर पान चित्र समजून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या. युनिकोडच्या पीडीएफमध्येही पुष्कळदा पहिली वेलांटी पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकते, तेव्हा तिथंही ओसीआरच बरं.

छापील पुस्तकं स्कॅन करताना ३०० डीपीआय (दर इंची ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटा) ठेवा. नॅप्स-टू हे स्कॅनिंगचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्याच्या ओसीआरमध्ये मराठी भाषा उतरवा. आत टेसरॅक्ट हे ओसीआरचं इंजिनच आहे. दिवाळी अंकात दोन रकाने असतात, ते कापून वेगवेगळे द्या, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात. घ-ध, भ-म आणि 'दुसऱ्या' तला ऱ्या हमखास चुकतात. मग ओळीअखेरचे तुटलेले शब्द जोडा आणि परिच्छेदाच्या आतले एंटर काढून टाका, नाहीतर आवाज प्रत्येक ओळीशी थबकतो. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. जुनं एएनएसआय एन्कोडिंग ठेवलंत तर सगळी प्रश्नचिन्हं उरतील.

रास्ता_पेठी
एवढं करण्यापेक्षा वरून फोटो काढणारा बुक स्कॅनर घ्या, पंधरा-वीस हजारांत येतो. पुस्तक चेपावं लागत नाही.

सुरेल_शनिवार
आणि हे सगळं कॉपीराइटमध्ये बसतं का?

टाकळकर
बसतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) आलं ते यासाठीच. छापील स्वरूप वाचता येत नाही अशा दिव्यांग व्यक्तीसाठी सुलभ प्रत करता येते. ती प्रत दिव्यांग नसलेल्यांच्या ग्रुपवर फिरवली की मात्र संरक्षण संपलं. आणि स्कॅनर नकोच, फोनचा कॅमेरा पुरे. वरून दिवा नको, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड द्या म्हणजे गुळगुळीत कागद चमकणार नाही.

मुळाकाठ
हेच म्हणणार होतो. स्कॅनर घेऊ नका. पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' ही छापील वाचता न येणाऱ्यांची ऑनलाइन लायब्ररीही बघा, नोंदणी झाली की तयार फाइली मिळतात. मराठीतली आहेत, पण हवं तेच पुस्तक असेल असं नाही.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे आभार. फोनवर मराठी आवाज उतरवला, चालतोय. एनव्हीडीएही टाकलं, पण आईला ई-स्पीक सोसत नाही. सुगम्यसाठी अर्ज करतोय.

स्कॅनर मात्र घेतोय, टाकळकर आणि मुळाकाठ नको म्हणताय तरी. तपकीर गल्लीत जुना फ्लॅटबेड २,२०० ला मिळतोय. फोनने पान सरळ धरायला दोन माणसं लागतात, आमच्याकडे दिवसा एकच असतं. बाइंडिंग उसवलेलीच आहेत, त्यामुळे पानं काचेवर सपाट बसतील.

पुस्तकी_किडा_४११०३८
पैसे देण्याआधी मॉडेल नंबर घेऊन विंडोज १० च्या ६४-बिटचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का बघा. जुन्या स्कॅनरांचं घोडं तिथंच अडतं. अडाप्टर मूळचाच मागा, आणि कोरा कागद स्कॅन करून उभी रेघ येते का तपासा. ती रेघ काना म्हणून वाचली जाते.

रास्ता_पेठी
आयफोन घेतला असता तर हे सगळं वाचलं असतं.