मदत हवी आहे: गुण समान, आणि टायचा नियमच बदलला!

चौथी_मोटर
घाईत आहे, उद्या सकाळी रोबो फुटबॉलची बाद फेरी आहे. गटात तीन संघांचे गुण समान. जुन्या नियमाने आम्ही पुढे जातो, पण आयोजक म्हणतात नियम बदलला. तक्रार कशी लिहायची? मसुदा असेल तर टाका. मुलं रडकुंडीला आलीत.

नियमपुस्तक
कोणती लीग? गटात किती संघ? जुना नियम काय, नवा काय? स्कोअर टाका, नाहीतर सगळे अंधारात तीर मारतील.

चौथी_मोटर
ज्युनिअर लीग, दोन रोबो विरुद्ध दोन रोबो. जुना नियम एकमेकांविरुद्धचा निकाल, आता एकूण गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल).

जुना_पंच
गोलफरकच बरोबर. मी कित्येक सामन्यांत शिट्टी वाजवली आहे. तिघांनी एकमेकांना हरवलं की एकमेकांविरुद्धच्या निकालातून काही निघत नाही.

सर्किटवाला
पंचसाहेब, रोबोंच्या खेळात गोलफरकाचा अर्थ काय? समोरचा एक रोबो बंद पडला की मैदान मोकळं. ज्याला तो सामना मिळाला त्याची चांदी. म्हणून तर रोबोकप या जागतिक रोबो स्पर्धेच्या स्मॉल साइझ (छोट्या रोबोंच्या) लीगमध्ये दहा गोलांचा फरक झाला की सामना तिथेच संपतो.

जुना_पंच
मग बंद पडणार नाही असा रोबो करा!

षटकार७
२०१९ ची क्रिकेट फायनल आठवली. सुपर ओव्हरही टाय, आणि निकाल चौकारांवर, २६ विरुद्ध १७. काही महिन्यांत आयसीसीने तो नियम काढला, पण कप परत आला का?

नियमपुस्तक
तो नियम निदान आधीपासून लिहिलेला होता. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल तर पिवळ्या कार्डांवर वेगळे झाले, चार विरुद्ध सहा. विचित्र, पण आधी छापलेलं. म्हणून परत विचारतो: नियम कधी बदलला? आणि स्कोअर?

चौथी_मोटर
घ्या. आम्ही ब ला २-१, क कडून ०-१, ड ला ४-० (मोटर तापली म्हणून शेवटी रोबो हळू केले, चांगुलपणा नडला). ब ने क ला ३-१, ड ला १०-०. क ने ड ला ६-१. पुढे दोनच जाणार.

नियमपुस्तक
आता बोलता येईल. तिघांच्याच सामन्यांचा गोलफरक: ब +१, तुम्ही ०, क -१. म्हणजे ब आणि तुम्ही. एकूण गोलफरक: ब +११, तुम्ही +४, क पण +४! मग केलेले गोल पाहिले तर क चे ८, तुमचे ६. आणि क ने तुम्हाला हरवलंयही. ब कुठल्याही हिशेबाने आत आहे, भांडण फक्त क शी.

सर्किटवाला
बघा, सगळा निकाल ड च्या बिघडलेल्या रोबोंवर. हेच म्हणत होतो.

षटकार७
ड बिघडला होता हे कोणी सांगितलं?

जुना_पंच
पेनल्टी घ्या आणि मोकळे व्हा.

नियमपुस्तक
तिघांची पेनल्टी कशी घेणार, पंचसाहेब? @चौथी_मोटर, पहिल्या सामन्याआधी बदल सांगितला असेल तर तक्रार टिकणार नाही. नंतर सांगितला असेल तर दोनच ओळी लिहा: छापील नियमाचा क्रमांक आणि बदल कळल्याची वेळ. 'अन्याय' वगैरे शब्द नकोत. क ला मध्ये ओढू नका, त्यांची काय चूक?

चौथी_मोटर
कर्णधाराला विचारलं. म्हणते, "सर, पहिल्या दिवशी सकाळच्या बैठकीत सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा रोबोच्या तारांना डाग देत (सोल्डरिंग करत) बसला होतात."

नियमपुस्तक
😐

बॅटरीबहाद्दर
मोटर तापते म्हणालात, बॅटरी किती सेलची आहे? गिअरचं प्रमाण काय? फोटो टाका, माझ्याकडेही अगदी हेच झालं होतं.