एका प्लॉटवर चार घरं: लहान गावात परवानगी द्यावी का?

ओसरी (धागाकर्ती)
वीस-तीस हजार वस्तीची गावं डोळ्यासमोर ठेवून विचारते आहे. महानगरांचा विषय इथे नको, तो बाकी सगळीकडे चालूच असतो. प्रस्ताव साधारण असा असतो: आज जिथे एका प्लॉटवर एकच घर बांधता येतं, तिथे चार घरं आणि तीन मजले चालतील, गाड्यांसाठी जागा सोडायची सक्ती सैल होईल. असं काही आलं की सभा भरते आणि बहुतेक जण विरोध करायलाच आलेले असतात.

मी बाजूने आहे. 'एक प्लॉट, एक घर' हा काही निसर्गनियम नव्हे. अमेरिकेत बर्कले शहराने १९१६ साली असा, फक्त एकेका घराचा, पट्टा आखला. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि गावाला असे पट्टे पाडायचा अधिकार आहे, असं ठरलं. निकालपत्रात न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटची संभावना चक्क बांडगूळ अशी केली आहे. शंभर वर्षांनी सभेतला सूर फारसा बदललेला नाही. जपानमध्ये सगळ्यात कडक निवासी पट्ट्यातही उंचीला मर्यादा असते, १० किंवा १२ मीटर. पण आत एक कुटुंब राहतं की चार, याची नियमाला फिकीर नसते.

एकटी राहणारी वयस्कर माणसं, नुकतेच नोकरीला लागलेले, बदलीवर आलेल्या नर्स आणि शिक्षक यांना मोठं घर परवडत नाही आणि बऱ्याचदा नकोही असतं. लहान घर बांधायला बंदी, मग यांनी जायचं कुठे?

जुना_नकाशा
विरोध. आणि पहिल्याच परिच्छेदांत बांडगूळ वगैरे आणून विरोधकांना खलनायक ठरवून टाकलंत, तेही नको होतं.

परवानगी वाढली की सर्वांत आधी जमिनीचा भाव वाढतो. घर त्यानंतर, आलं तर. शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये रेल्वे स्थानकांजवळ जास्त बांधकामाला मोकळीक दिली. योना फ्रीमार्क या अभ्यासकाने पुढच्या पाच वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा भाव वाढलेले दिसले, नव्या घरांचे परवाने मात्र वाढलेले दिसले नाहीत. हे शिकागोत. लहान गावात तर बिल्डरच मोजके. त्यांतला एक जण कोपऱ्यावरचे चार प्लॉट घेऊन ठेवील आणि गप्प बसेल. धागाकर्तीच्या नर्सबाईंना घर मिळणार नाहीच, वर भाडंही वाढेल.

शेजारच्याच्या उन्हाबद्दल, खिडकीत डोकावणाऱ्या तिसऱ्या मजल्याबद्दल बोललं की लोक हसतात. हसोत. माणसाने आयुष्याची कमाई ज्या घरात घातली, त्याच्याबद्दल तो जपूनच बोलणार.

भाडेकरू
"आयुष्याची कमाई" हे बरोबर आहे, म्हणूनच सभेत फक्त घरमालक दिसतात. जो अजून गावात राहायला आलेलाच नाही, त्याला त्या सभेत खुर्ची कोण देणार? भाव टिकावा म्हणून घरं कमी ठेवायची आणि त्याला गावाचं रूप जपणं म्हणायचं, हे मला पटत नाही.

उतार
मी मलनिस्सारणाच्या कामात आहे. दोन्ही बाजूंनी 'गटारांवर ताण' हा मुद्दा येणारच, तर आधीच थोडा हिशेब मांडतो.

गल्लीतली मैल्याची नळी समजा २०० मिलिमीटर व्यासाची आहे आणि उतार २५० ला १, म्हणजे २५० मीटर लांबीत १ मीटर उतरण. पूर्ण भरून वाहिली तर ती सेकंदाला साधारण २० लिटर नेते. आता घरात चार माणसं, माणशी रोज १५० लिटर सांडपाणी, आणि सकाळी सगळे एकदम उठतात म्हणून सरासरीच्या चौपट धरा. तरी एका घराचा वाटा सेकंदाला ०.०३ लिटरपेक्षा कमी येतो. नळी अर्धीच भरू द्यायची म्हटलं, तरी साडेतीनशेच्या आसपास घरं त्या एका नळीवर बसतात. तुमच्या गल्लीत घरं किती? तीस? चाळीस? चारपट झाली तरी नळीला फरक पडत नाही.

उलट घरं फार विरळ असली तर नळीत प्रवाहच राहत नाही. मैला पुढे सरकायला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो. तो मिळाला नाही की गाळ बसतो आणि माणसं लावून साफ करावा लागतो. तोच खर्च मग मोजक्या घरांत वाटला जातो.

अडचण दुसरीकडे असते. शुद्धीकरण केंद्राची क्षमता, मैला वर चढवणारे पंप, आणि लोकांनी चोरून मैल्याच्या नळीत सोडलेलं गच्चीचं पाणी. पावसाळ्यात केंद्र बुडतं ते नव्या घरांमुळे नव्हे, तर या पाण्यामुळे. आणि जिथे भुयारी गटारच नाही, सगळं सेप्टिक टँकवर चाललंय, तिथे मी स्वतः चार घरांना नाही म्हणेन. शोषखड्ड्याला जमीन लागते, विहिरीपासून अंतर लागतं, आणि माती पाणी किती जिरवते ते आधी तपासावं लागतं. तिथे दाटीचा प्रश्न मताचा नाही, मातीचा आहे.

जुना_नकाशा
उतार यांचा प्रतिसाद आवडला. पण त्यांनीच माझी बाजू मांडली आहे. केंद्र वाढवायचं झालं तर पैसे कोणाचे? आज राहणाऱ्यांच्या घरपट्टीतून केंद्र वाढवायचं आणि नफा बिल्डरने न्यायचा, याला माझा विरोध आहे. शिवाय पावसाचं पाणी राहिलंच. ५०० चौरस मीटरचा प्लॉट, २५ मिलिमीटर पाऊस, म्हणजे साडेबारा हजार लिटर. आज त्यातलं बरंचसं बागेत मुरतं. सगळा प्लॉट फरशीने झाकलात की ते रस्त्यावर.

तिसरा_मजला
फरशीने झाकतो कोण? गाडी. दर घराला दोन गाड्यांची जागा सक्तीची केली की चार घरांना आठ. वळायच्या जागेसकट एका गाडीला २५ चौरस मीटर धरा, झाले २००. म्हणजे तुमच्याच उदाहरणातला ४० टक्के प्लॉट. बाग वाचवायची असेल तर ही सक्ती काढा. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये काढली.

पण मला धागाकर्तीचा उत्साहही भाबडा वाटतो. अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहराने २०१८ मध्ये आराखडा मंजूर केला आणि २०२० पासून एका प्लॉटवर तीन घरांना मुभा दिली. फार गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तशी तिहेरी घरं अगदी थोडी उभी राहिली, कारण वस्तीच्या आतल्या भागात इमारतीच्या एकूण आकाराची मर्यादा घट्टच ठेवली होती. बरीचशी नवी घरं मोठ्या रस्त्यांवरच्या इमारतींत आली. चार घरांना 'हो' म्हणायचं आणि सामासिक अंतरं (प्लॉटच्या कडेपासून सोडायची जागा), उंची, चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) बंगल्याचंच ठेवायचं, तर तो 'हो' कागदावरच राहतो. आपण ज्यावर भांडतोय ते कदाचित घडणारच नाही.

ओसरी
@जुना_नकाशा, शिकागोचं उदाहरण मोजक्या जागांचं आहे. स्थानकाजवळच्या थोड्याच प्लॉटना मुभा मिळाली की त्या मालकांना भाव खाता येतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागात मुभा वाढवली. नंतर बांधकाम परवाने वाढले आणि वाढ मुख्यतः त्याच भागात झाली, त्यातही जोडघरं जास्त. (हे दाखवणाऱ्या अभ्यासावर काही अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतलेत, हे मला माहीत आहे, तेव्हा तो प्रतिसाद लिहायचे कष्ट घेऊ नका.) सगळ्यांकडेच परवानगी असेल तर चार प्लॉट अडवून बसणाऱ्याची किंमत शून्य.

आणि लहान गावांचंच बोलायचं तर अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा २०१९ चा कायदा पाहा. १०,००० वरच्या गावांत, जिथे एक घर चालतं तिथे दोन चाललीच पाहिजेत. २५,००० वरच्या गावांत चार घरांपर्यंत मुभा. गावसभेच्या मर्जीवर ठेवलंच नाही, राज्यानेच ठरवून टाकलं.

चाफा
हेच मला खटकतं. राज्याने वरून ठरवायचं असेल तर गावात सभा घेता कशाला? अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये १९९८ साली शहराच्या मध्यभागात लहान प्लॉटना परवानगी मिळाली, पण आपला भाग आहे तसा ठेवायचा असेल तर रहिवाशांना तसा अर्ज करता येतो. मला हे योग्य वाटतं. गल्लीचं गल्लीने ठरवावं.

भाडेकरू
म्हणजे प्रत्येक गल्ली म्हणणार, घरं हवीत, पण पुढच्या गल्लीत.

चाफा
सगळ्या नाही म्हणणार. ज्यांना वरचा मजला चढवून मुलाला द्यायचाय, ते कशाला अडवतील? तुम्ही समजता तितके घरमालक एकसारखे नसतात.

जुना_नकाशा
बरं, माझी अट सांगतो. मैला केंद्रात जागा आहे असा दाखला असेल तरच परवानगी, आणि केंद्र वाढवावं लागलं तर खर्चाचा वाटा बांधणाऱ्याकडून विकास शुल्कात वसूल करायचा. एवढं नियमात लिहा, तिसऱ्या मजल्याला माझा विरोध राहणार नाही. खिडक्यांचं मी माझ्या शेजाऱ्याशी बघून घेईन.

उतार
शुल्क घरामागे सरसकट लावू नका, नाहीतर छोटं घर बांधणाराच जास्त भरडला जाईल. चटईक्षेत्रावर लावा.

भाडेकरू
दाखला किती दिवसांत मिळणार? मुदत नसलेला दाखला म्हणजे सभ्य भाषेत नकार.

जुना_नकाशा
साठ दिवस ठेवा.

भाडेकरू
आणि साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर आपोआप मंजूर?

जुना_नकाशा
ते नाही चालणार.