सोसायटीच्या जीमेलला 'ऑफर' शब्दाचा फिल्टर लावला आणि कोटेशन्सच गायब! मदत हवी आहे

बिनपगारी_सचिव

मंडळी, जरा तातडीची मदत हवी आहे. उद्या रात्री कमिटीची मीटिंग आहे. त्याआधी काय कायमचं गेलं आणि काय परत मिळू शकतं, एवढं तरी मला कळायला हवं.

मी डोंबिवलीतल्या ४० फ्लॅटच्या एका जुन्या सोसायटीचा सचिव. निवृत्त झालो तसं "तुम्हाला वेळ असतो" म्हणून गळ्यात पडलेलं पद. सोसायटीचं एक जीमेल खातं आहे, पासवर्ड अध्यक्ष, खजिनदार आणि मी अशा तिघांकडे. पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाल्यापासून त्या खात्यावर जाहिरातींचा नुसता पाऊस पडतोय. पेस्ट कंट्रोल, टाकी सफाई, सोलर, लिफ्टचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), वॉटरप्रूफिंग, सीसीटीव्ही. क्रेडिट कार्डवालेसुद्धा! आता सोसायटीला कसलं आलंय क्रेडिट कार्ड?

दीड महिन्यापूर्वी भाच्याला फोन लावला आणि त्याने सांगितलं तसा फिल्टर बनवला. सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबलं, 'हॅज द वर्ड्स'च्या चौकटीत इंग्रजीत 'ऑफर' लिहिलं, 'क्रिएट फिल्टर' केलं आणि 'डिलीट इट'वर टिक. त्याच पानावर खाली 'ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कन्व्हर्सेशन्स' असं होतं, त्यावरही टिक केली. हे मात्र भाच्याने सांगितलेलं नव्हतं, ती माझी स्वतःची अक्कल. म्हटलं जुना कचराही जाईल. इनबॉक्स असा लख्ख झाला की मी अध्यक्षांना फोन करून फुशारकी मारली.

काल एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून फोन. "सर, कोटेशन पाठवून पंधरा दिवस झाले, काही कळवलं नाहीत." पीएमसी, म्हणजे पुनर्विकासाच्या कामावर देखरेख करणारा सल्लागार, नेमण्यासाठी आम्ही सात जणांना पत्रं पाठवली होती. कोटेशन्स आली दोन, आणि बाकीच्यांना रस दिसत नाही असं मी कमिटीत सांगूनही बसलो. त्या बाईंनी फोनवर मेलचं पहिलंच वाक्य वाचून दाखवलं, 'वुई आर प्लीज्ड टू ऑफर अवर सर्व्हिसेस'. माझ्या पायाखालची फरशीच सरकली.

आता काय करू? मोबाइलवर सगळीकडे शोधलं, फिल्टर कुठे दिसतच नाही.

खटपट्या

काका, आधी फिल्टर बंद करा, बाकी सगळं नंतर. तुम्ही हे वाचताय तेवढ्यातही एखादी मेल जात असेल.

मोबाइलच्या अॅपमध्ये तो दिसणार नाही, तिथे फिल्टरची सोयच नाही. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. वर दातेरी चाकाचं चिन्ह, मग 'सी ऑल सेटिंग्ज', मग 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस'. तिथे तुमचा फिल्टर असेल, त्याच्यासमोर 'डिलीट'. घाबरू नका, यामुळे मेल डिलीट होत नाहीत, फक्त नियम जातो. पण नियम गेला म्हणून गेलेल्या मेल आपोआप परतही येत नाहीत.

मग डावीकडे 'मोअर' उघडून 'ट्रॅश'मध्ये जा (तुमच्याकडे कदाचित 'बिन' लिहिलेलं असेल). तिथे काय दिसतं ते सांगा. विशेषतः सगळ्यात जुनी मेल.

बिनपगारी_सचिव

फिल्टर काढला. बिनमध्ये अकराशे चाळीस आहेत. सगळ्यात जुनी मेल बरोबर गेल्या महिन्याची, आजचीच तारीख. त्याआधीची एकही नाही. दोन-तीन वर्षांच्या जुन्या मेलही त्या टिकमुळे उडाल्या होत्या ना, त्या का दिसत नाहीत?

खटपट्या

कारण त्या गेल्या, काका.

ट्रॅशमध्ये गेलेली मेल ३० दिवसांनी कायमची पुसली जाते. हे ३० दिवस मेल आली त्या तारखेपासून नाही, ट्रॅशमध्ये पडली त्या दिवसापासून मोजतात. तुम्ही खालची टिक केली त्या एका क्षणी जुन्या सगळ्या मेल एकदम ट्रॅशमध्ये गेल्या आणि त्या सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपली, मग मेल २०२३ची असो की त्या आठवड्यातली. त्यानंतर आलेल्या मेल एकेक करून मरतायत. आज दिसणारी सगळ्यात जुनी मेल उद्या नसेल.

म्हणून वाचत, निवडत बसू नका. वरच्या चौकोनावर टिक केली की फक्त त्या पानावरच्या ५० मेल निवडल्या जातात. मात्र लगेच वर एक ओळ येते, 'सिलेक्ट ऑल' आणि पुढे एकूण आकडा. तिच्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्या अकराशे चाळीस येतील. मग फोल्डर आणि बाणाचं 'मूव्ह टू' हे चिन्ह, आणि 'परत आणलेल्या' असं नवं लेबल. एकदा का त्या बिनच्या बाहेर आल्या की घड्याळ थांबलं. मग आरामात चहा घेत चाळा.

मुक्ता_प

ही ५० ची गोष्ट लोकांना माहीतच नसते. मी एकदा पन्नास-पन्नास करत दोन हजार मेल हलवल्या होत्या. मनगट दुखलं.

सडेतोड

मुळात फिल्टरच्या भानगडीत पडायचंच कशाला? स्पॅम रिपोर्ट करा, जीमेल आपोआप शिकतं. नाहीतर १९०९ वर डीएनडी नोंदवा.

खटपट्या

डीएनडी फोन कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलला त्याचा काही उपयोग नाही.

स्पॅम रिपोर्टचं पटतं, पण अर्धंच. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर खरं तर 'अनसबस्क्राइब' वापरावं. २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय देणं सक्तीचं केलंय. २०२५ मध्ये 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असं पानही आलं, कोण किती मेल पाठवतो ते एकत्र दिसतं. पण काकांच्या गल्लीतला टाकी सफाईवाला काही पाच हजार मेल पाठवत नाही. तो स्वतःच्या साध्या जीमेलवरून दोनशे सोसायट्यांना पाठवतो, आणि ब्लॉक केला की दुसऱ्या आयडीवरून. तिथे फिल्टरच लागतो. आणि अनोळखी मेलच्या आत तळाशी लिहिलेल्या 'अनसबस्क्राइब'वर क्लिक करू नका. तिथे फक्त स्पॅम रिपोर्ट.

बिनपगारी_सचिव

सगळ्या बाहेर काढल्या. देवा! त्यातून पीएमसीची तीन कोटेशन्स निघाली. म्हणजे पाच झाली. उरलेल्या दोघांना सकाळी फोन करून परत पाठवायला सांगतो, त्यांच्या 'सेंट'मध्ये असणारच.

पण अजून एक गंमत. लिफ्टच्या दुरुस्तीचा रिपोर्टही त्यातच सापडला. त्यात ऑफर वगैरे काही नाही, निव्वळ दोरखंड आणि ब्रेक शू. मग कळलं, त्या इंजिनिअरच्या सहीखाली कंपनीने चार ओळी चिकटवल्यात, 'मॉन्सून ऑफर ऑन एएमसी रिन्यूअल'. मेल सहीसकट तपासली जाते तर! आणि सभासदांच्या तक्रारींमधली एकही गेलेली नाही. हे कसं काय?

मुक्ता_प

तुमचे सभासद मराठीत लिहितात का? इंग्रजी अक्षरांतल्या शब्दाचा फिल्टर देवनागरी 'ऑफर' पकडत नाही. ही दोन त्याच्या लेखी वेगळीच अक्षरं.

बिनपगारी_सचिव

हो, सगळ्या तक्रारी मराठीत. वरच्या मजल्यावरचं पाणी, कबुतरं आणि पार्किंग. मायमराठी वाचवते ती अशी.

आता नवा फिल्टर कसा करू? का नकोच करू?

आउटलुकवाली

मी ऑफिसात आउटलुक वापरते. तिथे नियम वरून खाली क्रमाने चालतात. मी सगळ्यात वर 'बॉस आणि क्लायंट' हा नियम ठेवलाय आणि त्याला 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' लावलंय. त्यांच्या मेलला खालचे नियम शिवतच नाहीत. तुम्हीही वर 'सभासद आणि आर्किटेक्ट' असा नियम करा.

खटपट्या

जीमेलमध्ये हे चालणार नाही, तिथे 'इथे थांब' असं सांगायची सोयच नाही. मेल जितक्या फिल्टरमध्ये बसेल तितके सगळे तिला लागू होतात. त्यामुळे अपवाद त्याच फिल्टरच्या पोटात लिहावा लागतो.

काका, मी असं करेन. 'हॅज द वर्ड्स'मध्ये एकटादुकटा शब्द नको, जोडशब्द अवतरण चिन्हांत, म्हणजे 'पेस्ट कंट्रोल', 'टँक क्लीनिंग', 'सोलर रूफटॉप'. हे सगळे महिरपी कंसात टाका. महिरपी कंस म्हणजे यातलं काहीही एक असलं तरी चालेल. मग 'डझन्ट हॅव'च्या चौकटीत 'कोटेशन', 'टेंडर', 'पीएमसी' आणि सोसायटीचा नोंदणी क्रमांक, तोही महिरपी कंसात. जाहिरातवाला नोंदणी क्रमांक सहसा लिहीत नाही. खरा पत्रव्यवहार करणारा बहुतेक वेळा विषयातच लिहितो.

आणि आता महत्त्वाचं. 'क्रिएट फिल्टर'च्या शेजारी 'सर्च' असं बटण असतं, ते आधी दाबा. हा फिल्टर कोणकोणत्या मेल पकडेल ते जुन्या मेलवरच दिसतं. दोन पानं बघा. नको ती मेल पकडली जात असेल तर शब्द बदला. समाधान झालं की मगच फिल्टर. आणि तेव्हाही 'डिलीट इट' नाही! 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल', लेबलचं नाव 'संशयित जाहिरात'. इनबॉक्समध्ये दिसणार नाही, पण मरणारही नाही. रविवारी एकदा नजर टाकायची. मी स्वतः अकरा वर्षं फिल्टर वापरतोय, 'डिलीट इट' फक्त एकाला लावलंय, आणि तो माझा एक मेहुणा आहे. त्याची सुप्रभात चित्रं.

निळू

कोटेशन्ससाठी वेगळी युक्ती. जीमेलच्या पत्त्यात 'अॅट'च्या आधी अधिक चिन्ह लावून पुढे काहीही लिहिता येतं, मेल त्याच खात्यात येते. म्हणजे सोसायटीच्या पत्त्यापुढे अधिक चिन्ह आणि 'टेंडर'. पुढच्या वेळी पत्रांवर, नोटिशीवर हाच पत्ता छापा. मग 'टू'च्या चौकटीत तो पत्ता घालून फिल्टर, त्याला 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि 'स्टार इट'. काही वेबसाइटचे फॉर्म अधिक चिन्ह घेत नाहीत, पण साध्या मेलला काही अडत नाही.

आणि बँकेच्या मेलसाठी फिल्टर असेल तर तोही बघून घ्या. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या नावावर जायला सांगितलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. काही बँकांच्या मेल पाठवायच्या पत्त्याचं शेपूटही त्यात बदललं. जुन्या पत्त्यावर केलेला फिल्टर मग नुसता बसून राहतो.

सडेतोड

एवढं चाललंच आहे तर त्या फिल्टरच्या पानावर दुसऱ्या कुणी केलेले फिल्टर आहेत का तेही बघा. तीन-तीन जणांकडे पासवर्ड! खात्यात शिरलेले भामटे फिल्टर लावून मेल स्वतःकडे वळवतात, आणि पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच राहतो.

बिनपगारी_सचिव

सडेतोड, तुम्हाला साष्टांग नमस्कार. भामटा नाही निघाला, पण आमचे २०१९ चे सचिव निघाले! त्यांनी 'मेंटेनन्स' शब्द असलेली प्रत्येक मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर 'फॉरवर्ड इट' करून ठेवली होती. फ्लॅट विकून ते बदलापूरला गेले त्यालाही आता चार वर्षं झाली. फोन केला तर म्हणाले, "अहो, मला वाटायचं तुम्ही लोक अजून माझा सल्ला घेताय."

मुक्ता_प

हे अशक्य आहे! बाकी पासवर्ड वाटण्यापेक्षा सेटिंग्जमध्ये 'ग्रँट अॅक्सेस टू युवर अकाउंट' आहे ते वापरा. प्रत्येकजण स्वतःच्या जीमेलमधून सोसायटीचं खातं उघडू शकतो. साध्या खात्याला असे दहा जण जोडता येतात. पदाधिकारी बदलला की त्याचं नाव काढायचं, संपलं.

आउटलुकवाली

काका, त्या कायमच्या गेलेल्या जुन्या मेलचं काय? हिशोब बघणारं कुणी ते खातं थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतं का? पॉपने (मेल मशीनवर उतरवून घ्यायच्या पद्धतीने) जोडलेलं असेल तर उतरवलेल्या प्रती त्या मशीनवरच राहतात, इकडे डिलीट झाल्या तरी. आयमॅप (मेल दोन्हीकडे जुळती ठेवणारी पद्धत) असेल तर मात्र तिकडूनही गेल्या समजा.

बिनपगारी_सचिव

हे मला सुचलंच नसतं. आमचे हिशोबनीस आठवड्यातून दोनदा येतात, सोसायटीच्या ऑफिसात एक पुराणा डबा आहे त्यावर काम करतात. सकाळी जाऊन बघतो.

बिनपगारी_सचिव

अपडेट. थंडरबर्ड आहे, पॉपच आहे. हिशोबनीस म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही बदलायला, म्हणून राहिलंय." २०२१ पासूनच्या मेल त्या डब्यात जशाच्या तशा आहेत. आधी इंटरनेटची वायर काढली, मग सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. मॉनिटरवर कागद चिकटवलाय, 'कुणीही काहीही डिलीट करू नये'.

राहिलेल्या दोनपैकी एक कोटेशन आलं. सातव्यांना खरंच रस नव्हता. मीटिंगमध्ये मी झालं ते सगळं सांगून टाकलं. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीही 'बिल' शब्दाचा काहीतरी नियम केला होता असं मग हळूच कबूल केलं.

नवा फिल्टर खटपट्यांनी सांगितला तसा लावलाय. आधी 'सर्च' करून पाहिलं तर फायर ऑडिटवाल्याची खरी मेल त्यात अडकत होती, दोन शब्द बदलले. आज 'संशयित जाहिरात'मध्ये एकोणीस आहेत, सगळ्या अस्सल जाहिराती. इनबॉक्समध्ये मात्र एक जाहिरात थेट येऊन बसली. खजिनदारांच्या घरून, गणपतीसाठी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर, '२१ घेतल्यास खास ऑफर'. मराठीत लिहिलीय ना. राहू दिली. एकवीस सांगितलेत.