उदगीरहून वाळूजला शिफ्ट व्हायचंय, दोन लहान लेकरं आहेत, कसं करावं?

उदगीरकरीण
नमस्कार मंडळी. मिस्टरांचं काम आता वाळूज एमआयडीसीत आहे, सध्या ते रूम करून राहतात, बजाजनगरला घर बघितलंय, तळमजला आहे, पुढं थोडं अंगण, आणि मे मध्ये बिऱ्हाड हलवायचं ठरलंय. मोठा आता तिसरीत जाईल, धाकटी अडीच वर्षांची, ती आज्जीशिवाय झोपत नाही. सासू-सासरे शेतीमुळं इथंच राहणार. मोठा तर "तुम्ही जावा, मी आज्जीपाशीच राहतो" म्हणून हटून बसलाय. पाहुणेरावळे म्हणूलालेत की लेकरं महिनाभर इथंच ठेव, घर लागलं की ने. मला काही ते पटेना. वरून शाळा टीसीसाठी नुसती पुढच्या सोमवारी या, पुढच्या सोमवारी या करूलालीय. कुणी लेकरं घेऊन असं गाव सोडलं असेल तर सांगा.

नांदेडची_ताई
धाकटीला अजिबात मागं ठेवू नका. एकदा आज्जी सोडायची, मग महिन्यानं परत नवीन घरात आई-बापाची सवय लावायची, म्हणजे लेकराला दोनदा रडवणं झालं. त्यापेक्षा जमलं तर आज्जीलाच आठ दिवस सोबत आणा. आणि आज्जीची वाकळ मागून घ्या, धुवू नका बरं का, तशीच वास असलेली आणा, पहिल्या रात्री तीच अंथरायची. लेकरांचे कपडे, दुधाची बाटली, लसीचं कार्ड ही पिशवी टेम्पोत टाकायची नाही, स्वतःच्या मांडीवर. कार्ड असलं की पाच वर्षांचा डोस कुठल्याबी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. मोठ्याला त्याच्या वस्तूंचं पोतं त्यालाच भरू द्या, वर खडूनं नाव लिहू द्या, काय फेकायचं ते तोच ठरवील, मोडकी बस ठेवायची म्हणला तर ठेवा. आणि मे महिन्यात भर दुपारी लातूर-बीड रोडनं लेकरं नेऊ नका, टेम्पो रात्रीच निघू द्या, तुम्ही पहाटे निघा.

गुरुजी_परभणी
टीसीचं सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ आहे, सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घ्यायची असेल तर मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही. म्हणून तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच मागितली की सोमवार लवकर येतो. दुसरं, जे सगळे विसरतात, यूडायसवर, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जुन्या शाळेनं पोराला ड्रॉपबॉक्सला, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकावं लागतं, तेव्हाच नवीन शाळा त्याला ऑनलाइन ओढून घेऊ शकते, नाहीतर पोरगं वर्गात बसलेलं असतं आणि नाव जुन्याच शाळेत. पोराचा पेन नंबर, म्हणजे त्या नोंदीतला त्याचा कायमचा क्रमांक, लिहून घ्या. शाळा जूनच्या मध्यात भरते, मेच्या सुट्टीत ऑफिसात कुणी भेटेलच असं नाही, तर निकालाच्या दिवशीच हे उरकून टाका.

वाळूजवाला
ताईंचं बरोबर आहे पण आज्जीला आठ दिवस आणलं तर नवव्या दिवशी परत तेच रडगाणं, असं आमच्याकडं झालं, असो, प्रत्येक लेकरू वेगळं. मला दुसरंच सांगायचंय. तळमजला आणि अंगण म्हणालात ना, मग अंगणात हौद असणार. इकडं रोज पाणी येईल असं धरून चालू नका, म्हणून घरोघरी हौद आणि ड्रम भरलेले असतात. झाकण बघा, बऱ्याच ठिकाणी नुसता पत्रा टाकलेला असतो, अडीच वर्षांचं लेकरू तो सहज सरकवतं. मालकाकडून बिजागरीचं लोखंडी झाकण आणि कुलूप बसवून घ्या, ॲडव्हान्स द्यायच्या आधी, नंतर कुणी ऐकत नाही. बाथरूममधल्या भरलेल्या बादलीचं पण तेच, लेकरू तोंडावर पडलं तर थोडं पाणीसुद्धा पुरतं. आणि पत्र्याचा कुलर लावणार असाल तर वायरमन बोलावून आधी अर्थिंग चेक करा, पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा, मुलांना हात लावू द्यायचा नाही.

उदगीरकरीण
बापरे हौदाचं डोक्यातच नव्हतं. मिस्टरांना लगेच फोन लावला, तर म्हणाले हाव, आहे, पत्राच टाकलाय वर. मालकाशी आजच बोलायला लावते. अर्ज उद्या देते पोच घेऊन. मोठ्याला पोत्याचं सांगितलं, तर तो म्हणतो दोन पोती लागतील, एक आज्जीकडं ठेवायला. वाळूजवाले दादा, बजाजनगरकडं तिसरीला सेमीची बरी अनुदानित शाळा आहे का, चालत जाता येईल अशी?

वाळूजवाला
आहेत. गल्ली कुठली ते इनबॉक्सला सांगा.