प्रतिसाद: ग्रुनेवाल्डचा १७ नंबरचा रूळ

नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकांवर फोटो काढणंच चूक, असं वरच्या लेखात म्हटलंय. ते मला पटत नाही. पोलंडमधल्या आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकातही फोटो काढू देतात. मनाई आहे ती बळींचे केस ठेवलेल्या दालनात आणि ११ नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात. तिथे कोणी सांगायची वाट न बघता कॅमेरा बॅगेत ठेवावा.

बर्लिनला जाणार असाल तर ग्रुनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा रूळ नक्की बघा. इथूनच नाझी ज्यूंना गाड्यांत भरून हद्दपार करायचे. फलाटाच्या कडेला १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, किती ज्यूंना नेलं तो आकडा, आणि कुठे नेलं ते. शेवटची २७ मार्च १९४५ ची, १८ जणांची, टेरेझिनश्टाट या नाझी छावणीची. युद्ध संपायला जेमतेम दीड महिना उरला होता, तरी गाडी सोडलीच!

मी उभ्याने काढलेल्या फोटोंत अक्षरं लागतच नव्हती. मग गुडघे टेकून बसले, संध्याकाळचं ऊन तिरपं आलं आणि आकडा स्वच्छ दिसला. रुळांमध्ये मुद्दाम वाढू दिलेली झाडंही फ्रेममध्ये घ्या. तिथून आता कुठलीच गाडी सुटणार नाही, हेच ती सांगतात. पट्ट्यांवर कोणी लहान दगड ठेवलेले असतील. ज्यू लोक कबरीवर असे दगड ठेवतात. फोटोसाठी ते कृपया हलवू नका.