हळदीच्या दुकानात रोबो बसवला तर गिऱ्हाईक बोलेल का?

विश्रामबागकर (सांगली):
माझा धाकटा भाऊ मानेखाली लुळा आहे. डोकं आणि जीभ मात्र तल्लख, जीभ जरा जास्तच. टोकियोत निहोनबाशीला 2021 पासून एक कॅफे आहे. तिथं ऑर्डर घेणारे रोबो अंथरुणाला खिळलेली माणसं घरून चालवतात, काही जण तर नुसत्या नजरेनं. त्याचा व्हिडिओ बघून भाऊ म्हणाला, "ताई, आपल्या काउंटरवर असलं बाहुलं ठेव, भाव मी सांगतो." चुलते म्हणतात, लोक हसतील. स्वतः मात्र अर्धा धंदा फोनवर करतात! तुम्ही अशा रोबोकडून हळद घ्याल?

पोवई नाका (सातारा):
घेईन की. पण पलीकडं कोण हाय ते कळायला पायजे. आमचं कंदी पेढ्याचं दुकान. वजन करताना गिऱ्हाईक काट्याकडं कमी, माझ्या तोंडाकडं जास्त बघतं. भावाचा फोटो लावा शेजारी.

विश्रामबागकर:
फोटो नाही लावणार. दया म्हणून कुणी पाव किलो जास्त घ्यायला नको. नाव लावते, ठळक.

मिरजकर:
भावासाठी जरूर करा. धडधाकट माणसांनी वापरायला मात्र माझा विरोध. जपान सरकारच्या मूनशॉट संशोधन कार्यक्रमाचं एक उद्दिष्टच आहे की 2030 पर्यंत एका माणसाला एकाच कामासाठी दहा किंवा जास्त अवतार, म्हणजे दुरून चालवायची असली बाहुली, चालवता यावेत. मग बाकीच्यांनी काय कृष्णेच्या घाटावर वारा खात बसायचं?

विश्रामबागकर:
पोटाचा प्रश्न खरा आहे, आमच्या यार्डातले हमालही हेच विचारतील. पण धडधाकटाला बंदी का? सर्जन कन्सोलवर बसून दा विंची रोबोच्या हातांनी ऑपरेशन करतो, त्याच्या हाताचा कंपसुद्धा यंत्र गाळून टाकतं. त्याच्याकडे कुणी अपंगत्वाचा दाखला मागतं का? मला खटकतं ते वेगळंच. दहा काउंटरवर एकदम बसलेला माणूस माझं ऐकतोय की नुसतं हो-हो करतोय, ते मला कसं कळणार? आमचा भाऊ एकाच बाहुल्यात असेल, आणि उधारी मागितलीत तर तो ऐकतोय हे तुम्हाला लगेच कळेल.

तासगावचा द्राक्षवाला:
रोबो नंतर घ्या. आधी जुना टॅब आणि बरा स्पीकर काउंटरवर ठेवून बघा. दुपारी, गर्दी नसताना.

विश्रामबागकर:
टॅब आहे घरात. पण भाऊ म्हणतोय, दुपारी कशाला, बाजाराच्या दिवशीच लावा.